काकींच्या पोटातला राग

"हात पुढे करा," असं म्हणून काकी डावातलं चमचाभर कालवण समोरच्याच्या तळहातावर ओतायच्या आणि म्हणायच्या, "मीठ सांगा."

आपण चाटायचं आणि सांगायचं. कमी आहे, जास्त आहे, बरोबर आहे. चौथं उत्तर चालायचं नाही. "झकास झालंय, काकी," असं कुणी म्हटलं तर त्या म्हणायच्या, "ते मी विचारलं न्हाय."

म्हसळ्याच्या एसटी स्टँडजवळ त्यांची खानावळ होती. सहा टेबलं, एक फळा, हात धुवायला दारातच नळ. माझं घर पालीला. बायको तिथल्या शाळेत शिक्षिका आणि मी म्हसळ्याला जमीन मोजणीच्या कार्यालयात. सोमवारी यायचं, शुक्रवारी परत जायचं आणि मधले दिवस काकींकडे जेवायचं, असं तीन वर्षं चाललं. आमच्या खात्यात मोजणीच्या तारखा लांबच्या पडतात, पण जेवायला मी नेहमी वेळेआधी पोचायचो. त्यामुळे बहुतेक दिवशी पहिला हात माझाच असायचा.

गिऱ्हाइकाला मीठ विचारणारी स्वयंपाकीण तुम्ही पाहिली नसेल. मीही पाहिली नव्हती. सुरुवातीला मला वाटलं, ही पाहुणचाराची पद्धत असेल. मग कळलं की त्या स्वतः ते खातच नव्हत्या. बांगड्याचं कालवण, कोलंबीचं सुकं, गुरुवारी वालाचं बिरडं, ज्याच्यासाठी श्रीवर्धनच्या गाडीतली माणसं मुद्दाम इथे उतरायची, त्यातलं काहीही त्यांनी एकोणीस वर्षं तोंडात घातलं नव्हतं. सगळ्यांची जेवणं उरकली की तीनच्या सुमाराला त्या मागच्या दारात बसायच्या. मऊ भात, त्यावर गार दूध. ते संपलं की खायचा सोडा घातलेलं अर्धा पेला पाणी. मग थोडा वेळ पोटावर हात ठेवून तशाच. त्या वेळी कुणी काही मागितलं तर मिळत नसे.

त्यांच्या पोटदुखीबद्दल गावात तीन मतं होती. स्टँडवरच्या मंडळींचं म्हणणं, इतकी वर्षं मिरच्या कुटल्या, त्याची आग पोटात उतरली. बायकांचं म्हणणं, काळजी. नवरा ट्रकच्या अपघातात गेला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती, पोट दुखेल नाही तर काय. तिसरं मत खुद्द काकींचं होतं, आणि दुखणं त्यांचं असल्यामुळे त्या मताला वजन होतं. त्यांच्या मते तो राग होता.

नवरा गेल्यावर वर्षभरात दिराने घरामागची जागा आपल्या नावावर करून घेतली. काकी काही बोलल्या नाहीत. त्याच पावसाळ्यात पोट दुखायला लागलं.

"तो राग मी गिळला," त्यांनी मला सांगितलं. "तो गेला थेट पोटात आणि तिथंच बसला."

"मग बोलायचं होतं दिराला."

"बोलले असते तर घर फुटलं असतं. पोट दुखलं तर माझं एकटीचं दुखतं. परवडतं."

मी मोजणीतला माणूस. त्या जागेचा नकाशा मी एकदा काढून पाहिला. अडीच गुंठे भरली. एवढ्याशा जागेसाठी इतकं लांबलेलं दुखणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

काकी मूळच्या दिघीच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातल्या. त्यांचे वडीलही पोटानेच गेले. बरीच वर्षं दुखत होतं, मग एक दिवस रक्ताची उलटी झाली आणि संपलं. धाकटा भाऊ अजून वाडीतच होता, होडीवर जायचा. त्याचंही पोट दुखायचं. "आमचं घराणंच रागीट," काकी म्हणायच्या. हा भाऊ महिन्यातून एकदा सुकी मासळी घेऊन यायचा, तेव्हा मी त्याला बघितलं आहे. इतका मऊ माणूस दर्यावर टिकला कसा, हेच मला कळायचं नाही. एकदा टमटमवाल्याने वास येतो म्हणून त्याची बोंबलांची पाटी अर्ध्या वाटेत उतरवली, तर यानेच टमटमवाल्याची माफी मागितली आणि उरलेली वाट चालत आला. त्याला राग कशाचा आला होता आणि त्याने तो गिळला कधी, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही.

आता स्वच्छतेचं सांगतो, कारण पुढे त्याच्यावरूनच सगळं झालं. काकींकडे भांडी उकळत्या पाण्यातून काढायचे. पिण्याचं पाणी उकळून, दुहेरी फडक्यातून गाळून. जेवायला आलेल्या माणसाने हात धुतले की नाहीत, हे त्या ओट्यामागून बघायच्या आणि धुतले नसतील तर त्याला वाढायच्या नाहीत. सांगायच्याही नाहीत. तो बसून राहायचा. शेवटी शेजारचा कुणी तरी दाराकडे बोट दाखवायचा. आमचे साहेब पहिल्या दिवशी असेच वीस मिनिटं बसले होते. त्यांना वाटलं, मासे अजून शिजायचे आहेत.

तर अशा या काकी ऑगस्टमधल्या एका दुपारी माझ्या हातावर कालवण ओतत होत्या. "मीठ," त्या म्हणाल्या आणि पुढचा शब्द आलाच नाही. डाव खाली पडला. त्या भिंतीला धरून हळूहळू बसल्या. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा. चार दिवस शौचाला काळं होत होतं, हे त्यांनी रिक्षात बसल्यावर सांगितलं. त्यांनी ते नाचणीच्या पेजेवर ढकललं होतं.

सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. ते फारच कमी निघालं. पोटात कुठे तरी रक्त जातंय, असं म्हणून त्यांनी तातडीने गाडी करून पनवेलला पाठवलं. काकींची मुलगी पनवेललाच दिलेली. ती रुग्णालयाच्या दारात उभी होती. मी बरोबर गेलो, कारण खानावळीत त्या वेळी मोकळा असा मी एकटाच होतो. आणखी एक मोजणीची तारीख पुढे गेली.

रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या आणि दुसऱ्या दिवशी तोंडातून नळी घालून पोट आतून बघितलं. डॉक्टर तरुण होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. पोटात जखम होती. मॅडमनी आतले बारीक तुकडे काढले आणि त्यातला एक पिवळ्या रंगाच्या छोट्या चकतीवर ठेवला. थोड्या वेळाने ती चकती गडद गुलाबी झाली. ती घेऊन मॅडम काकींच्या खाटेपाशी आल्या.

"रंग बदलला, बघा. म्हणजे जंतू आहे."

"कुठं?"

"पोटात."

"कुणाच्या?"

"तुमच्या, काकी."

काकींनी चकतीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी भांडी उकळत्या पाण्यात धुते."

"तुमच्या भांड्यांचा दोष नाही. हा बहुतेक लहानपणीच आलेला असतो. आई घास चावून भरवते, घरात एकाच पेल्यातून पाणी पितात, कुणाला उलटी होते, तसा तो घरातल्या घरात पसरतो. पोटातल्या आम्लात बाकीचे जंतू मरतात. हा स्वतःभोवतीचं आम्ल मारून तिथेच राहतो, चाळीस-पन्नास वर्षंसुद्धा. बऱ्याच जणांना तो काहीच करत नाही. काहींच्या पोटात जखमा करतो. त्यात तुम्ही गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या खात होतात, त्यांनी भर घातली."

"आणि तिखट?"

"तिखटाने जखम झोंबते. होते जंतूने."

काकींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग खरा प्रश्न विचारला.

"आणि राग?"

"रागाने हे होत नाही, काकी."

"म्हंजे घाण माझ्यातच होती."

"घाण नव्हे. जंतू आहे. निम्म्या गावाच्या पोटात असेल."

"निम्मं गाव भांडी कशी घासतं ते मी बघितलंय," काकी म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

घरी सोडताना मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. मुलीला सांगितल्या, काकींना सांगितल्या आणि मला बाजूला घेऊन परत सांगितल्या. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. आणि आठ आठवड्यांनी परत यायचं, पुन्हा नळी घालून जखम भरली का ते बघायला. बरं वाटत असलं तरी यायचं. मी विचारलं, बरं वाटत असेल तर कशाला? त्या म्हणाल्या, "आता काढलेल्या तुकड्यांत वाईट काही दिसलेलं नाही. पण कडेचा तुकडा म्हणजे सगळी जखम नव्हे. हा जंतू वर्षानुवर्षं पोटात राहिला तर काही थोड्या लोकांत त्या जागी कॅन्सर होतो. साधी जखम असेल तर ती भरते. भरली नाही, तर ती साधी नव्हती असं समजायचं." मी मान डोलावली. चार कोपरे तपासून सगळं शेत कळत नाही, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

परतताना वडखळ आलं. काकी म्हणाल्या, "साहेब, एकोणीस वर्षं मी या पोटासाठी दिराला शिव्या घातल्या. मनातल्या मनात, पण रोज."

"हं."

"त्या वाया गेल्या म्हणायच्या का?"

"जागेच्या धरा," मी म्हणालो.

त्यांनी विचार केला. "जागेच्या एवढ्या होत न्हाईत."

सोमवारी मी खानावळीवर गेलो तर दार बंद आणि फळ्यावर, जिथे रोज मासे लिहायचे तिथे, काकींच्या हाताने लिहिलेलं होतं: पोटात जंतू असल्यामुळे बंद. पाच-सहा माणसं फळा वाचत उभी होती. त्यातल्या एकाने मला गंभीरपणे विचारलं की जंतू नक्की कुणाच्या पोटात आहे. गेल्या बुधवारी तोही इथे जेवला होता.

मी मागच्या दाराने आत गेलो. म्हटलं, काकी, ते पुसा.

"खोटं कशाला लिहू?"

"खोटं नको. काही कारणाने बंद, एवढं लिहा."

"कारण म्हाईत असताना काही कारणाने?"

शेवटी मी मॅडमना फोन लावून काकींच्या हातात दिला. चांगल्या शिजवलेल्या, उकळलेल्या अन्नातून हा जंतू जात नाही, त्या हात धुऊन स्वयंपाक करतात त्याला काहीही हरकत नाही, हे त्यांनी स्वतःच्या कानाने तीनदा ऐकलं, तेव्हा कुठे फळा पुसला. तरीही त्यांनी चौदा दिवस खानावळ उघडली नाही. गोळ्या संपल्याशिवाय दुसऱ्याला वाढायचं नाही, असं त्यांचं त्यांनी ठरवलं. मी ते दिवस स्टँडवर वडापाव खाऊन काढले.

गोळ्या कडक होत्या. दिवसभर तोंडात चावी धरल्यासारखी चव, असं त्या म्हणायच्या. मळमळायचं. पण एकही गोळी चुकली नाही. पंधराव्या दिवशी मॅडमनी फोनवरच हळूहळू सगळं खायला परवानगी दिली. त्यातला हळूहळू हा शब्द काकींनी ऐकला नसावा. त्याच दुपारी त्यांनी बांगड्याचं कालवण केलं, खानावळीतल्या पहिल्या टेबलावर गिऱ्हाइकासारख्या बसल्या आणि स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. मी समोर बसलो होतो. त्यांनी कालवणात भात कालवला, पहिला घास घेतला, चावला, गिळला. डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचं होतं की कसलं, मी विचारलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

"बरोबर आहे की, काकी."

"कमी हाय. कालवणाला जेवढं लागतं तेवढं न्हाय. तीन वर्षं तुम्ही मला बरोबर हाय म्हणून सांगत आलात."

मी त्यांना सांगितलं की माझ्या बायकोला रक्तदाबाचा त्रास आहे, आमच्याकडे सगळं अळणीच असतं, मला तीच सवय. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हसळ्यात तीन वर्षं किती लोक माझ्यामुळे कमी मिठाचं जेवले, याचा हिशेब त्या मनात करत असाव्यात. दुसऱ्या दिवसापासून माझा हात बाद झाला. आता त्या स्वतःच चाखू लागल्या.

पुढचा दीड महिना काकींना मी जसं पाहिलं तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या जेवायच्या. सुकट खाल्ली, तळलेली मिरची खाल्ली, लसणीचा ठेचा भाकरीवर घेऊन चुलीपाशी उभ्याउभ्याच खाल्ला. चेहरा भरला. एका रविवारी त्या नीट लुगडं नेसून दिराकडे गेल्या, ओटीवर उभ्या राहून जागेबद्दल जे बोलायचं होतं ते बोलल्या आणि परत आल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काय होणार? त्याला आता ऐकूच येत न्हाय."

आठ आठवडे भरले ते गणपतीनंतर, नवरात्राच्या तोंडावर. मुलीचा फोन आला होता. काकी मला म्हणाल्या, "साहेब, ती नळी परत घालायला जायलाच पायजे का? मी बांगडा खाते. दुखत न्हाय, जळत न्हाय. बऱ्या माणसाच्या नरड्यात नळी कशाला?"

मॅडमनी मला बाजूला घेऊन काय सांगितलं होतं, ते मला आठवत होतं. पण समोर बसलेली बाई हसत होती आणि भाकरी गरम होती.

मी म्हणालो, "बरं वाटतंय ना? मग दिवाळीनंतर बघू."

हे वाक्य मी म्हणालो. मुलीने दोनदा विचारलं तेव्हा काकींनी तिलाही हेच सांगितलं: साहेब म्हणाले, दिवाळीनंतर. दिवाळीनंतर मुलीच्या सासरी लग्न निघालं. मग थंडीत खानावळीला गर्दी वाढली. मग शिमगा आला. शिमग्याला मी पालीहून परत आलो तेव्हा काकी पुन्हा मागच्या दारात बसलेल्या दिसल्या. दुखत नव्हतं. दोन घासांत पोट भरतंय, एवढंच म्हणाल्या. पोलकं खांद्यावरून सैल झालं होतं. मी तिथूनच मुलीला फोन केला.

या वेळी तुकडा वाईट निघाला. मुंबईला नेलं, पोट उघडलं आणि तसंच परत शिवलं. बाहेर बरंच पसरलं होतं. पनवेलला मॅडम एकट्या असताना मी त्यांना गाठून विचारलं की गणपतीनंतर आणलं असतं तर? त्यांनी टेबलावरचे कागद उगाचच सरळ केले आणि म्हणाल्या, "तेव्हा लवकर कळलं असतं. पुढचं मी सांगू शकत नाही." त्या खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्या दिवशी थोडं खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

काकींना मी हे सांगायला गेलो. त्या तेव्हा मुलीकडे होत्या. मी म्हणालो, "काकी, दिवाळीनंतर बघू असं मी म्हणालो होतो."

"व्हय."

"मला मॅडमनी नीट सांगितलं होतं. तरी म्हणालो."

काकी उशीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, जायचं असतं तर मी डॉक्टरला विचारलं असतं. तुमाला विचारलं ते तुम्ही न्हाय म्हणाल म्हणूनच विचारलं." आणि वर, "तुमाला मिठातलं कळत न्हाय, तरी मी तीन वर्षं विचारत होते न्हाय का."

 त्यांना माझ्याकडून उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. पनवेलच्या रुग्णालयात असताना मॅडम फेरी मारायला आल्या तेव्हाच त्यांनी विचारून घेतलं होतं: लहानपणी एका पेल्यातून पाणी पिण्याने हा येतो, तर त्या पेल्यातून आम्ही दोघं प्यायचो. मी आणि माझा भाऊ. आणि बाबा गेले ते रागाने न्हाय गेले. मॅडम म्हणाल्या होत्या, भावाला तपासायला आणा. मुलीलाही तपासू.

मुलीची तपासणी झाली, तिच्यातही जंतू निघाला आणि तिने मुकाट्याने चौदा दिवस गोळ्या घेतल्या. भाऊ येईना. बहिणीला बघायला आला, पायाशी बसून रडला, पण तपासणीचं नाव काढलं की म्हणायचा, "मना काय झालं न्हाय, बाय. आपलं नेहमीचं हाय." दोन फोन झाले. तिसऱ्यांदा काकींनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, मला वाडीवर न्या. मुलगी नको म्हणाली. काकींनी तिच्याकडे, हात न धुतलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायच्या तसं बघितलं. आम्ही गाडी केली.

भावाचं घर किनाऱ्यालगत. अंगणात बोंबील वाळत होते. काकी गाडीतून उतरल्या आणि ओटीवर न चढता अंगणातच खुर्ची मागून घेतली. भाऊ पाणी घेऊन आला. त्यांनी घेतलं नाही. भावजय चहा घेऊन आली. तोही घेतला नाही.

"बाय, घरात तरी चल."

"तू गाडीत बस, मंग मी उठते."

"उद्या येतो."

"मी उद्यापर्यंत बसते."

ऊन होतं. शेजारपाजारचे जमले. त्यांना सगळ्यांना कळलं होतं की ही आता थोड्या दिवसांची आहे, त्यामुळे कुणी मध्ये बोलेना. भाऊ एकदा आत जाऊन आला, एकदा होडीकडे जाऊन आला. काकी पोटावर हात ठेवून बसून राहिल्या. तासाभराने तो सदरा बदलून आला आणि गाडीत बसला. काकींनी मग चहा मागितला. दोन घोट घेतले, उरलेला भावजयीला परत दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या खेपेला तू पण यायचं."

त्याच्या पोटात जंतू होता आणि जठराच्या पुढच्या आतड्यात जखमही होती. त्याने गोळ्या घेतल्या, तोंडात गंज आल्यासारखं वाटतं म्हणून होडीवरच्या माणसांना सांगत. त्याच्या परत नळी घालायच्या दिवसाची आठवण कुणी कुणाला करून द्यायची वेळ आली नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, आतड्यातल्या अशा जखमेला दर वेळी परत बघायची गरज नसते. काकी म्हणाल्या, बघायचंच. मॅडमनी वाद घातला नाही.

त्या दिवशी काकी स्वतः आल्या. तोवर त्यांना चालवत नव्हतं. मुलीने आणि मी दोन्हीकडून धरून त्यांना रुग्णालयातल्या बाकावर बसवलं आणि त्या भिंतीला डोकं टेकून झोपल्या. भाऊ आत गेला. अर्ध्या तासाने मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, जखम पूर्ण भरली आहे, जंतूही गेला आहे. आम्ही काकींना उठवलं नाही. भाऊ येऊन त्यांच्या शेजारी बसला. त्याच्या घशाला बधिर करायचं औषध मारलेलं होतं, त्यामुळे त्याला नीट बोलता येत नव्हतं. त्या आपोआप जाग्या झाल्या तेव्हा त्याने नुसती मान हलवली. काकींनी मॅडमना शोधून काढायला लावलं, त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं आणि मग म्हणाल्या, "निघूया."

त्यांना वाडीवर जायचं होतं.  मुलीनेच त्यांची औषधं आणि कपडे पिशवीत भरून दिले. तीन आठवड्यांनी काकी तिथेच, भावाच्या घरी वारल्या. म्हसळ्याची खानावळ आता मोबाईल दुरुस्तीची आहे आणि माझी बदली तळा गावी झाली आहे. तिथे मी डबा खातो.

मला मात्र त्या परतीच्या वाटेवरचं आठवतं. वडखळला गाडी थांबली. काकी म्हणाल्या, "ह्याला वडा घ्या." घसा सुटला होता, भावाला भूक लागली होती, पण बहिणीसमोर खायचा त्याला संकोच वाटत होता. काकी काही खाऊ शकत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "खा." त्याने एक वडा खाल्ला. मग पावाबरोबर दुसरा, तळलेल्या मिरचीसकट, मान खाली घालून. कपाळावर घाम आला तसा तो बाहीने पुसला. काकी खिडकीला टेकून त्याच्याकडे बघत होत्या, एकेक घास गळ्याखाली उतरेपर्यंत.

"जळतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मंग सावकाश खा. गाडी काय पळून जात न्हाय."